एक हुंकारा कमी

शेंगा फोडायला बसलेल्या माणसाचं तोंड रिकामं ठेवू नये, असं अमळनेरचे लालचंद शेठ म्हणायचे. माणूस चांगला होता, पण व्यापाऱ्याइतकाच चांगला होता. भुईमुगाचं बियाणं यंत्रात फोडून चालत नाही. दाणा दुभंगतो, लाल साल निघते, आणि साल निघालेला दाणा पेरला काय न पेरला काय, सारखंच. म्हणून चैत्र-वैशाखात शेठच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बायका आणि सुट्टीतली पोरं ओळीने बसायची आणि अंगठ्याने एकेक शेंग फोडायची. समोर दाण्यांचा ढीग, पोटात सकाळची अर्धी भाकरी. चार दाणे टोपलीत गेले की पाचवा तोंडात जाणारच. याला चोरी म्हणायचं असेल तर देवाने हात आणि तोंड इतकं जवळ ठेवायलाच नको होतं.

शेठने यावर उपाय काढला तो झुंबरबाईचा.

झुंबरबाई बोरी नदीच्या पलीकडच्या अंगाला राहायची. नवरा लवकर गेला, दोन लेकी लग्न होऊन धुळ्याकडे गेल्या. हिवाळ्यात कापूस वेचायचा, पावसाळ्यात निंदायला जायचं, उन्हाळ्यात शेंगा फोडायच्या, असं तिचं वर्ष होतं. अंगाने काटकुळी, पण आवाज असा की शेडच्या एका टोकाला बोलली तर दुसऱ्या टोकाच्या पोराची मान वळायची. अठ्ठावन्न साली ती पहिल्यांदा शेठकडे आली. दुपारी डुलक्या येऊ लागल्या म्हणून तिने शेजारच्या पोरांना एक गोष्ट सांगायला घेतली, आणि पोरं रीतीप्रमाणे हूं म्हणू लागली.

ही रीत खानदेशात घरोघर होती. गोष्ट ऐकणाऱ्याने नुसतं ऐकून भागत नाही. प्रत्येक वाक्याला हूं म्हणावं लागतं. त्याला हुंकारा म्हणतात. हुंकारा आला की सांगणारा पुढचं वाक्य टाकतो. नाही आला तर गोष्ट तिथेच अडते, मग राजा जंगलात असो की विहिरीत.

त्या दिवशी संध्याकाळी टोपल्या रोजच्यापेक्षा जड निघाल्या. लालचंद शेठ गादीवर बसल्या बसल्या विचार करत राहिले आणि त्यांच्या ध्यानात आलं. ज्याच्या तोंडात दाणा आहे त्याला धड हूं म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी झुंबरबाईला सांगितलं, “बाई, तुझ्या टोपलीत दाणे कमी आले तरी चालतील. गोष्ट थांबता कामा नये.”

झुंबरबाई काही भोळी नव्हती. पोरांच्या तोंडाला आपलं कुलूप लावलंय हे तिला त्याच दिवशी कळलं. पण सावलीत बसून गोष्टी सांगायच्या, आणि त्याही खरेपणाच्या, यात तिला वाईट काही दिसलं नाही. पोरांना चार चांगल्या गोष्टी कानावर पडतील आणि शेठचं बियाणंही वाचेल.

पुढे पुढे तिचा कान इतका तयार झाला की बारा पोरांच्या हुंकाऱ्यातून ती एकेकाचा हुंकारा ओळखायची. भरल्या तोंडाचा हूं जड येतो आणि किंचित उशिरा येतो. पण तिने कधी कुणाचं नाव शेठला सांगितलं नाही. ती गोष्टीतच घालायची, “त्या राज्यामा एक पोऱ्या व्हता, त्याना डावा गालमा काय व्हतं ते त्यालेच ठाऊक.” की डाव्या गालाचं जे कुणी असेल ते घाईघाईने गिळून टाकायचं, बाकीची हसायची, आणि गोष्ट पुढे जायची. एकदा तर ते डाव्या गालाचं पोर खुद्द शेठचा मुलगा प्रकाशचंद निघाला. बारा वर्षांचा होता. दुकानातून पळून येऊन पोरांत बसायचा आणि आपल्याच घरचे दाणे चोरून खायचा. त्या दिवशी त्याचे कान लालभडक झाले होते.

दिवसाची शेवटची गोष्ट मात्र ठरलेली असे. तिला पोरं मुठीची गोष्ट म्हणायची. झुंबरबाईने ती आपल्या आईकडून घेतली होती, आईने तिच्या आईकडून. एका राज्यात पाऊस पडला नाही. राजाने पुढच्या पेरणीचं बियाणं कणगीत भरून ठेवलं. पण कणगीतून रोज मूठभर दाणे कमी व्हायचे. राजाने दवंडी पिटवली, ज्याने घेतलं त्याने येऊन सांगावं. प्रधान म्हणाला मी नाही, शिपाई म्हणाला मी नाही, सगळं गाव म्हणालं आम्ही नाही. मग एक बाई पुढे आली. म्हणाली, मी घेतले, भूक लागली होती. राजा म्हणाला, एवढ्या राज्यात खरं बोलणारं एकच तोंड निघालं, मग कणगी दुसऱ्या कुणाच्या हवाली करू? त्याने आपल्या हाताने तिची मूठ भरली आणि तिलाच कणगीची राखण दिली. त्यानंतर दाणा म्हणून हलला नाही.

राजाने मूठ भरली हे वाक्य आलं की लालचंद शेठ गादीवरून उठायचे. दिवसभरात फुटलेले, बियाण्याला न चालणारे दाणे एका सुपात काढून ठेवलेले असत. ते सूप घेऊन शेठ ओळीतून फिरायचे आणि प्रत्येक पोराची मूठ आपल्या हाताने भरायचे. ही रीत त्यांना कुणी घालून दिली नव्हती. एका दिवशी गोष्ट ऐकता ऐकता उठले होते, ते दरवर्षी उठत राहिले. पोरं घरी जाताना खात खात जायची, आणि तेव्हा त्यांना हूं म्हणायचं नसे.

बहात्तरच्या उन्हाळ्यात पुष्पी नावाची पोरगी पहिल्यांदा आली. आठ वर्षांची, मोठ्या डोळ्यांची, कमी बोलणारी. हुंकारा मात्र खणखणीत द्यायची. आठवडाभरातच एका संध्याकाळी मुठीची गोष्ट संपली, सूप तिच्यापर्यंत आलं आणि तिने हात मागे घेतला. म्हणाली, “अक्का, मी आज दोन दाना खादात.” लालचंद शेठ आदल्याच वर्षी वारले होते, सूप आता प्रकाशचंदच्या हातात होतं. तो काही बोलायच्या आत झुंबरबाई म्हणाली, “खरं सांगं ना? मंग हात पुढे कर.” पोरीची मूठ भरली गेली. झुंबरबाईला त्या दिवशी वाटलं, आपण पंधरा वर्षं नुसतं कुलूप होऊन बसलो नाही. कुठेतरी एक दाणा रुजला.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही.

त्र्याहत्तरच्या वैशाखात शेडमध्ये मोठ्या बायका जवळजवळ नव्हत्या. सगळ्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या होत्या. राहिली ती म्हातारी माणसं आणि पोरं. घरोघर रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या होत्या, त्याही मोजून. भुईमुगाच्या शेंगा प्रकाशचंदने कुठून कुठून गोळा केल्या होत्या, आणि गावोगावचे शेतकरी बियाण्यासाठी त्याच्याकडे आशेने खेपा घालत होते. त्याची झोप उडाली होती हे खरं होतं. पहिल्याच दिवशी तो झुंबरबाईजवळ येऊन उभा राहिला. लहानपणी तिच्यासमोर कान लाल झालेला माणूस, अजूनही तिच्याशी नजर भिडवून बोलायला बिचकायचा.

“अक्का, यंदा मूठ देता येणार नाही. फुटके दाणेसुद्धा तेलाच्या घाणीवाल्याला द्यायचे ठरलेत.”

“बरं.”

“मग ती मुठीची गोष्ट नका सांगू. नाहीतर शेवट बदला. तो शेवट ऐकला की पोरं हात पुढे करतील, आणि मला नाही म्हणवणार नाही. आणि जे कुणी खाईल त्याचं नाव यंदा मला सांगा. दुसऱ्या दिवसापासून त्याने यायचं नाही. एकेक दाणा म्हणजे एकेक झाड आहे, अक्का.”

झुंबरबाई म्हणाली, “सांगसू.”

नाही म्हणता आलं असतं. पोरांना सरळ सांगता आलं असतं की यंदा मूठ नाही. पण बारा भुकेल्या पोरांच्या तोंडाकडे बघून नाही म्हणण्यापेक्षा गोष्टीचा शेवट बदलणं सोपं वाटलं. गोष्टीला काय, ती बिचारी तक्रार करत नाही. माणसाचं असंच असतं. खरेपणाच्या गोष्टी सांगून सांगून त्याला वाटू लागतं की आता आपल्याला खरं बोलायची गरज राहिली नाही.

दिवसभर तिने इतर गोष्टी सांगितल्या. ऊन उतरू लागलं तशी पोरंच म्हणाली, “अक्का, मूठनी गोट.” प्रकाशचंद दाराशी पोती शिवून घेत उभा होता. झुंबरबाईने गोष्ट सुरू केली. राजा आला, कणगी आली, दवंडी आली. हुंकारे नेहमीसारखे येत होते. ती बाई पुढे आली. मी घेतले म्हणाली. हूं. आणि झुंबरबाई म्हणाली, “राजाले राग उना. त्यानी शाप दिधा, आनि त्या बाईनी जीभ झडनी.”

हूं, म्हणाली पोरं. पण एक हुंकारा कमी होता.

झुंबरबाईच्या कानाने तो मोजलाच. पुष्पी मान खाली घालून शेंगा फोडत होती, ओठ घट्ट मिटलेले. झुंबरबाईने पुन्हा म्हटलं, “जीभ झडनी.” पुन्हा अकराच हुंकारे. पंधरा वर्षांत हुंकारा चुकला की त्याचा अर्थ एकच असे, तोंडात दाणा. दारातून प्रकाशचंदने विचारलं, “कोण, अक्का?”

आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “पुष्पी.”

प्रकाशचंद आत आला. म्हणाला, “तोंड उघड.” पोरीने वर पाहिलं, शेठकडे नाही, झुंबरबाईकडे. मग तिने तोंड उघडलं. इतकं मोठं उघडलं की पडजीभ दिसली. आत काही नव्हतं. दाताला दाण्याचा कणही नव्हता. शेजारच्या म्हातारीने पुढे वाकून पाहिलं आणि ती चुकचुकली. प्रकाशचंद ओशाळला, “बरं, बरं, मीट,” म्हणत बाहेर गेला.

झुंबरबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने हळूच विचारलं, “मंग हूं काबर नही म्हने तू?”

पुष्पी म्हणाली, “तिनी ते खरं सांगं व्हतं. मंग तिनी जीभ काबर झडनी?”

एवढंच बोलली आणि पुन्हा शेंगा फोडू लागली.

त्या संध्याकाळी झुंबरबाईने चूल पेटवली नाही. ती अंगणात बसून राहिली. शेवट बदलला त्यात एवढं काय, असं तिने स्वतःला दोनतीनदा समजावून पाहिलं. पण पोरीचं बोलणं मनातून हटत नव्हतं. जुन्या गोष्टीत बाई खरं बोलली आणि तिची मूठ भरली. नव्या गोष्टीत बाई खरं बोलली आणि तिची जीभ झडली. म्हणजे आज बारा पोरांना आपण शिकवलं काय? की खाल्लं तर खाल्लं, पण सांगू नका. जी गोष्ट आपल्या आईने, आजीने जपून हातात दिली ती आपण एका दुपारी उलटी करून टाकली. आणि ते ज्या एका पोरीला कळलं, तिलाच चोर म्हणून सगळ्यांसमोर तोंड उघडायला लावलं. गेल्या साली दोन दाणे खाल्ले म्हणून आपण होऊन हात मागे घेणारी पोरगी ती.

दुसऱ्या दिवशी पुष्पी आली. घरची गरज होती, यावंच लागलं. ओळीच्या अगदी शेवटी बसली. झुंबरबाईने गोष्ट सुरू केली, पुष्पी गप्प. तिसऱ्या दिवशीही गप्प. हात चालत होते, टोपली सगळ्यांच्या आधी भरत होती, पण तोंडातून हूं निघत नव्हतं. शेडचं काम सुरळीत होतं, प्रकाशचंदची काही तक्रार नव्हती. झुंबरबाईला मात्र ते अकरा हुंकारे ऐकूच येईनात. न आलेला तेवढा ऐकू यायचा.

प्रकाशचंदची आजी धापूबाई दुपारी आतल्या दारात माळ घेऊन बसायची. मारवाडातून सून होऊन आलेली, आता सत्तरीला टेकलेली. जप कमी आणि गोष्ट जास्त ऐकायची. तिसऱ्या दिवशी दुपारी पोरं पाणी प्यायला उठली तेव्हा तिने झुंबरबाईला जवळ बोलावलं.

“झुंबर, हमारे उधर केहते, फौजमें नगारो, बातमें हुंकारो. सैन्याला नगारा लागतो, तसा गोष्टीला हुंकारा. तुझ्या गोष्टीला तीन दिवस झाले, एक कमी येतोय.”

“माले ठाऊक शे, माय.”

“पोरीचा राग आहे?”

“नही. पोरगी खरी शे. मी खोटी शे.”

धापूबाईने माळेचा एक मणी ओढला. म्हणाली, “मग मला काय सांगतेस? तिला सांग.”

पाणी पिऊन पोरं जागेवर बसली. प्रकाशचंद काट्यापाशी उभा होता. झुंबरबाईच्या मनात आलं, हा ऐकेल आणि उद्यापासून येऊ नका म्हणेल. दुष्काळी कामावर खडी फोडायची ताकद तिच्या हातात उरली नव्हती. दोन महिन्यांची ही सावलीतली भाकरी गेली तर पुढे काय? तरी ती उठली आणि ओळीच्या शेवटी, पुष्पीच्या समोर जाऊन बसली. पण बोलली अशी की सगळ्यांना ऐकू जावं.

“आयका रे बठ्ठा. त्या बाईनी जीभ झडेल नही व्हती. राजानी तिनी मूठ भरी, आनि कणगी तिनाच हवाली करी. मनी मायनी माले तशीच सांगेल शे. मी बदली.”

कुणी हूं म्हणालं नाही. पोरांना हे गोष्टीतलं आहे की गोष्टीबाहेरचं, तेच कळेना. हात मात्र सगळ्यांचे थांबले होते. काट्यापाशी प्रकाशचंदचाही.

“काबर बदली ते बी सांगस. औंदा मूठ नही. शेठनी माले पहिलाच दिन सांगं व्हतं. तुमले सांगानी मनी हिंमत व्हयनी नही. आनि पुष्पीना तोंडमा काही नव्हतं. मी तिनं नाव लिधं. चूक मनी शे.”

पुष्पीने हातातली शेंग फोडली, दोन दाणे टोपलीत टाकले, टरफल बाजूला टाकलं. मग विचारलं, “आज बी मूठ नही?”

“आज बी नही.”

“आखरी दिनले बी नही?”

झुंबरबाईने प्रकाशचंदकडे पाहिलं. तो खाली बघत होता. ती पुष्पीकडे वळली आणि म्हणाली, “नही, बाय. आखरी दिनले बी नही.”

भूक तिलाही होतीच.

“हूं,” ती म्हणाली.

झुंबरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पंधरा वर्षांत हजारो हुंकारे घेतले होते तिने, राजाच्या लग्नाला, राक्षसाच्या मरणाला. नाही या शब्दाला मिळालेला हा पहिलाच. हळूहळू बाकीच्या पोरांनीही हूं म्हटलं, काहींनी नाराजीने, पण म्हटलं. संध्याकाळी टोपल्या मोजून झाल्यावर प्रकाशचंद झुंबरबाईला म्हणाला, “उद्या जरा लवकर या, अक्का. माल अजून बराच आहे.” खाणाऱ्याचं नाव त्याने पुन्हा कधी विचारलं नाही.

मूठ त्या वर्षी मिळाली नाही ती नाहीच. बियाणं गावोगाव गेलं, मृगात पाऊस झाला, आणि पुढच्या उन्हाळ्यात सूप पुन्हा ओळीतून फिरू लागलं. पुष्पी आणखी तीन उन्हाळे आली. मग वरच्या वर्गात गेली आणि शेंगांना यायची थांबली.

झुंबरबाई मात्र हात चालत होते तोवर येत राहिली. गोष्टी त्याच, आवाज जरा खाली आलेला. फक्त एक बदललं होतं. एखादा हुंकारा चुकला की ती पोरांच्या गालाकडे बघायची नाही आणि गोष्टीत कुणाचा डावा गालही आणायची नाही. ती थांबायची आणि त्या पोराला विचारायची, “मनं काय चुकनं?”

बहुतेक वेळा तिचं काहीच चुकलेलं नसायचं. पोराच्या तोंडात दाणा असायचा. तो गिळून होईपर्यंत ती वाट बघत बसायची.